न झालेल्या भाषणाचा रिपोर्ट

तीन दिवस झाले होते आणि माझ्या नोटबुकात एकही शब्द नव्हता. इन्स्पेक्टर घाटग्यांनी ते उघडलं, चार पानं पुढे गेले, दोन मागे आले आणि विचारलं, "सबनीस, या रेघा कसल्या?"

"पॉज, साहेब."

"अख्खं नोटबुक पॉज?"

"कोणी बोललंच नाही साहेब."

"साठ माणसं रोज चार तास उभी राहतात आणि कोणी अवाक्षर काढत नाही?"

"काल एक शिंक आली होती. ती लिहिलीय. पान सत्तावीस."

साहेबांनी खरोखरच पान सत्तावीस काढून पाहिलं. शॉर्टहँड त्यांना वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत बसले. मग नोटबुक माझ्या अंगावर टाकलं. "मला शिंक नको. मला भाषण पाहिजे. उद्या रिकाम्या हातानं आलास तर तुझंही बघतो."

मी पोलीस खात्यात होतो, पण लाठीवाला नव्हे. मराठी शॉर्टहँड रिपोर्टर. लढाईचे दिवस होते. कुठे सभा असली की व्यासपीठाशेजारी माझं टेबल लागायचं. वक्ता बोलेल ते शब्दन्‌शब्द शॉर्टहँडमध्ये, म्हणजे झटपट लिहायच्या खुणांमध्ये, उतरवायचं. मुक्कामावर येऊन साध्या लिपीत फेअर करायचं. त्या फेअर प्रतीला ट्रान्स्क्रिप्ट म्हणतात. पुढे कोर्टात शपथेवर सांगायचं, 'हा माणूस हे बोलला.' माझ्या शब्दावर माणसं आत जायची. मनाला त्रास होऊ नये म्हणून मी एकच गोष्ट धरून ठेवली होती: आपण एकही शब्द घालायचा नाही आणि एकही गाळायचा नाही. सतरा वर्षांत त्यात चूक झाली नव्हती आणि त्याचा मला ताठा होता. एकदा एका पुढाऱ्यानं भर सभेत थांबून म्हटलं होतं, "सबनिसांना पेन्सिल बदलू द्या, नाहीतर उद्या मला अर्धाच तुरुंग मिळायचा."

कामाचा एक नियम आधी सांगायला हवा, पुढचं सगळं त्यावर आहे. वक्ता थांबला तर रिपोर्टरनं नुसतं बसायचं नाही. आडवी रेघ ओढायची आणि समासात घड्याळातली वेळ घालायची. नाहीतर उद्या वकील विचारतो, 'या वेळात तुम्ही डुलक्या घेत होता काय?' नोटबुकाच्या पानांना नंबर असतात, शिक्के असतात. पान फाडता येत नाही. ट्रान्स्क्रिप्टबरोबर नोटबुकही पुण्याच्या ऑफिसात जातं आणि तिथं दुसरा रिपोर्टर ते ताडून बघतो.

गाव पुणतांब्याच्या अलीकडचं, रेल्वे लाइनवरचं, बाजाराचं. नाव सांगत नाही, तिथं अजून त्या माणसांची नातवंडं नांदतात. गावात एका बँकेची शाखा होती. ती दोन महिने बंद होती. दारावर कागद होता, 'काही दिवसांकरिता'. मॅनेजर कुठे गेला, कोणाला ठाऊक नव्हतं. शेतकरी, मिशनच्या शाळेतल्या बाया, रेल्वेतले गँगमन, सगळ्यांची पुंजी तिथं होती. पण लढाईच्या कायद्यानं लोकांत घबराट होईल असं काही बोलणं हा गुन्हा होता. एका शिंप्यानं बाजाराच्या दिवशी मोठ्यानं म्हटलं, "बँकेत आता काही राहिलं नाही." त्याला एक वर्ष सक्तमजुरी झाली. लगोलग तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटचा हुकूम निघाला आणि दवंडी पिटली. बँकेविषयी जाहीर बोलायचं नाही, ओरडायचं नाही, पत्रक वाटायचं नाही, गाणं म्हणायचं नाही.

मी गाडीतून उतरलो तेव्हा टांगेवाल्याला म्हटलं, "बँकेकडे घे." तो घोड्याकडे बघत राहिला. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा म्हणाला, "तिकडं म्हना साहेब. आमी तिकडंच म्हनतो." हॉटेलात तेच. पोस्टात तेच. तो शब्द अख्ख्या गावानं टाकून दिला होता. मी बोललो की माणसं सावकाश दुसरीकडे बघायची, घरात कोणी मेलेलं असताना पाहुण्यानं त्याचंच नाव काढावं तशी. पहिल्या दिवशी मला हसू आलं. दुसऱ्या दिवसापासून मीही 'तिकडं' म्हणायला लागलो, आणि ते कधी सुरू झालं ते माझ्या लक्षात आलं नाही.

लोकांनी हुकूम नीट वाचून घेतला होता. त्यात उभं राहू नये असं कुठंच नव्हतं. मग रोज अकराला, पूर्वी बँक उघडायची त्या वेळेला, साठ माणसं यायची आणि दारासमोर उभी राहायची. तीनला, बंद व्हायच्या वेळेला, निघून जायची. हातात पासबुक, छातीशी धरलेलं. बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, प्रार्थनेला असतात तसे. पुढे मार्थाबाई. मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या. पन्नाशीच्या, विधवा, पांढरं पातळ, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. उभं राहायची कल्पना त्यांची, असं साहेबांचं म्हणणं होतं. त्यांनीच सगळं केलं हे सिद्ध करायचं, म्हणजे बाकीचे आपोआप घरी बसतील.

माझं टेबल हवालदारानं बँकेच्या ओट्यावर मांडलं होतं, दाराला पाठ करून. तिथंच काय ती सावली. त्यामुळे व्हायचं असं की ते बघत होते बँकेकडे आणि मधे मी. एकशे वीस डोळे. रागानं बघत असते तर मला सवय होती. हे रागानंही बघत नव्हते. ऊन वर यायचं, घाम गळायचा, माश्या तोंडावर बसायच्या, आणि कोणी हात हलवायचं नाही. मी दर मिनिटाला रेघ ओढायचो. कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला.

आणि घड्याळ. पहिल्या दिवशी मी रेघ ओढत असताना पाठीमागे, कुलपाच्या आत, बाराचे टोले पडले. मी दचकून उठलोच. समोरचं कोणी हललं नाही. ते टोले साधे नव्हते. देवळात घंटा वाजावी तसे घुमत होते.

शेजारी उभ्या असलेल्या गेणू हवालदाराला मी हळूच विचारलं, "आत कोणी आहे का?"

"कोन असनार? दोन म्हैनं झालं कुलूप लागून."

"मग घड्याळाला चावी कोण देतं? आठ दिवसांत बंद पडायला पाहिजे."

गेणू गावचाच. त्यानं टोपी सारखी केली. "ते इचारू नका साहेब. रोज वाजतंय. घरी बायको बी इचारती. म्या सांगितलं, आपल्याला काय करायचंय. पर रातीला झोपताना इचार येतोच की."

चौथ्या दिवशी, साहेबांच्या शिव्या खाऊन, मी ओट्यावर जाऊन बसलो. आमच्या गुरुजींनी शिकवताना सांगितलं होतं की लिहिताना कान आणि हात एवढेच ठेवायचे. सतरा वर्षांनी ते इतकं अंगवळणी पडतं की लिहिलेलं काय होतं ते फेअर करेपर्यंत कळतच नाही. त्या दिवशी तर लिहिण्यासारखं काही नव्हतंच. रेघा आणि रेघा. बाराचे टोले पडले. मार्थाबाई माझ्यापासून चार हातांवर होत्या. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या दारावर होती आणि साठही जणांची तशीच. टोल्यांचा नाद विरेपर्यंत कोणी पापणी लववली नाही. मग तीन वाजले आणि सगळे वळून निघाले. रस्त्याच्या वळणापर्यंत फक्त वहाणा ऐकू येत होत्या.

मुक्कामावर येऊन मी नोटबुक उघडलं. रेघा फेअर करायच्या म्हणजे नुसतं लिहायचं, 'शांतता'. शांतता, शांतता, करत बाराच्या पानावर आलो आणि थांबलो. रेघांच्या मधे एक वाक्य होतं. शॉर्टहँडमध्ये. माझ्या अक्षरात, माझ्या पेन्सिलीनं, समासात वेळेसकट.

'आत कोण आहे?'

मी दिवा लावला. दिवसाढवळ्या. पुन्हा वाचलं. तेच होतं. हे कोणी म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. लिहिल्याचंही आठवत नव्हतं.

मी गेणूला बोलावलं. "गेणू, बाराला कोणी बोललं?"

"न्हाई."

"नक्की?"

"न्हाई म्हंजी... बोललं न्हाई कोन. पर मला बी ऐकू आल्यागत झालतं. म्या म्हनलं, ऊन लागलं आसंल."

"काय ऐकू आल्यासारखं झालं?"

"ते नका इचारू," म्हणाला आणि सॅल्यूट न करताच गेला.

आता माझी चूक सांगतो. ते वाक्य मी गाळू शकलो असतो. पुण्याचा रिपोर्टर ओळखीचा होता, त्याला समजावता आलं असतं. पण सतरा वर्षांचा माझा तो ताठा. नोटबुकात आहे ते ट्रान्स्क्रिप्टमध्ये पाहिजे. मी ते उतरवलं. ट्रान्स्क्रिप्टला एक रकाना असतो, 'बोलणारा'. तो मी कोरा ठेवला. मला वाटलं, हा प्रामाणिकपणा झाला. साहेबांच्या हातात कोरा रकाना देणं म्हणजे काय, हे न कळण्याइतका मी गाढव होतो.

साहेबांनी वाचलं आणि माझी पाठ थोपटली. "हे पाहिजे होतं!"

"साहेब, पण हे कोणी म्हटलं ते..."

"आत कोण आहे? म्हणजे आत कोणी नाही, असं सुचवायचं आहे. आत कोणी नाही म्हणजे बँक बुडाली. घबराट. सरळ केस आहे." आणि त्यांनी खिशातलं पेन काढून कोऱ्या रकान्यात लिहिलं, 'मार्थाबाई'. दुसऱ्या दिवशी अकराला, उभ्या जागेवरून, त्यांना अटक झाली. त्यांनी शेजारच्या बाईकडे पासबुक दिलं आणि गाडीत बसल्या. बाकीचे एकोणसाठ तीनपर्यंत उभेच होते.

मी खटल्याच्या आदल्या दिवशी त्यांना कोठडीत भेटायला गेलो. जायला नको होतं. सरकारी साक्षीदारानं आरोपीला भेटायचं नसतं. पण मला झोप येत नव्हती.

"बाई," मी म्हटलं, "खरं सांगा. चौथ्या दिवशी बाराला तुम्ही काही बोललात का?"

"नाही."

"माझ्या नोटबुकात एक वाक्य आहे."

"वकिलांनी दाखवलं." त्या गजांपाशी आल्या. "रिपोर्टर, तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. बाराच्या टोल्याला माझ्या मनात नेमकं तेच होतं. याच शब्दांत. घरची माणसं भेटायला येतात, त्यांच्याकरवी बाकीच्यांना विचारलं. शेजारच्या अनसूयाबाईच्या मनात तेच. मागच्या गँगमनच्या मनात तेच. पण तोंड कोणी उघडलं नाही. आम्ही शपथ घेतली होती."

मी विचारलं, "मग ते माझ्याकडे आलं कसं?"

"ते मला कसं ठाऊक असणार? तुम्हीही तिथंच होतात की चार दिवस." मग शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "मुली एकमेकींच्या वह्यांवर नावं घालतात तेव्हा मी एकच विचारते, अक्षर कोणाचं? तेवढं उद्या सांगा. माझ्यासाठी काही करू नका."

कोर्टात उभं राहायला जागा नव्हती आणि चिमणी उडाली तर ऐकू आलं असतं. सरकारी वकिलांना आधी दाखवायचं होतं की बँक ठणठणीत आहे, लोक उगाच घाबरलेत. त्यांनी बँकेचा पट्टेवाला उभा केला.

"बँकेचं काम चालू आहे ना?"

"व्हय जी. घड्याळ चालू हाय."

"घड्याळाला चावी कोण देतं?"

"मीच. दर सोमवारी पहाटं मागल्या दारानं जातो. मॅनेजरसाहेब जाताना म्हनले, काय बी झालं तरी घड्याळ बंद पडू द्यायचं न्हाई. लोकास्नी वाटलं पायजे आत मानसं हायत."

आरोपीचे वकील भालेराव नगरहून आले होते. त्यांनी उठून एवढंच विचारलं, "घड्याळाशिवाय आत काय आहे?"

"काय न्हाई. टेबलं बी नेली, कपाटं बी नेली. म्हनून तर टोला घुमतोय. रिकाम्या खोलीत आवाज लई होतो."

कोर्टभर एक श्वास एकदम आत ओढला गेला. मॅजिस्ट्रेट लेखनिकाला म्हणाले, "हे लिहू नका." लेखनिकानं लिहिलं नाही. दोन महिने सगळ्या गावानं ज्याला भ्यावं, ते असं उघडं पडलं. आणि मला हलकं वाटायच्या ऐवजी जास्तच भीती वाटली. चार दिवस ज्या दाराला पाठ लावून मी बसलो होतो, त्याच्यामागे खरोखरच काही नव्हतं.

मग माझं नाव पुकारलं. शपथ झाली. सरकारी वकिलांनी ट्रान्स्क्रिप्ट पुढे केलं. "हे तुम्ही तयार केलं?"

"हो."

"'आत कोण आहे?' हे वाक्य आरोपीनं उच्चारलं?"

घाटगेसाहेब समोरच्या बाकावर बसले होते. घरी बायको, तीन मुलं, आणि आई. हो म्हटलं असतं तर मी हेड रिपोर्टर झालो असतो, हे त्यांनी सकाळीच चहाबरोबर सांगितलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "रकान्यातलं नाव माझ्या अक्षरातलं नाही."

"मग कोणी उच्चारलं?"

"कोणीच नाही."

"कोणी उच्चारलं नाही ते तुमच्या नोटबुकात आलं कुठून?"

"माझ्या कानांनी ऐकलेलं नाही. हात माझा, पेन्सिल माझी. म्हणजे वाक्य माझंच धरावं लागेल."

मॅजिस्ट्रेट पुढे झुकले. "तुम्हाला काय म्हणायचंय ते कळतंय का? या बँकेविषयी तुम्ही स्वतः जाहीर ठिकाणी..."

"हो साहेब. त्या चार दिवसांत तिथं काही म्हटलं असेल तर ते मीच."

मला शूर वगैरे कोणी समजू नये. मार्थाबाईंकडे बघायची माझी हिंमत झाली नाही, आणि घाटगेसाहेबांकडे तर नाहीच नाही.

आता बाई सुटणार, असं मला वाटलं होतं. बोलण्याचा पुरावाच राहिला नव्हता. शेवटी मॅजिस्ट्रेटनी त्यांना रिवाजाप्रमाणे विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे?" बाई उभ्या राहिल्या. बोलल्या नाहीत. पूर्ण एक मिनिट त्या तशाच समोर बघत उभ्या होत्या, आणि माझा उजवा हात खिशात आपोआप रेघ ओढत होता. मॅजिस्ट्रेटनी लेखनिकाला सांगितलं, "लिहा. आरोपीने काहीही सांगितले नाही."

आणि निकाल दिला. आरोपीनं तोंडानं शब्द उच्चारला नसला तरी बंद बँकेसमोर पासबुक घेऊन गप्प उभं राहणं हे शब्दांपेक्षा मोठं बोलणं आहे. मौन हेही भाषणच. हुकमाचा भंग झाला. एक वर्ष सक्तमजुरी.

शिंप्यालाही एकच वर्ष झालं होतं. बोलला त्यालाही वर्ष आणि गप्प बसली तिलाही वर्ष. बाहेर आलो तर उरलेले एकोणसाठ कोर्टासमोर उभे होते, आणि त्या वेळी मला कळेना की हे माझ्याकडे बघताहेत की माझ्या मागच्या दाराकडे.

भालेरावांनी नगरच्या वरच्या कोर्टात अपील केलं. तारीख लागेपर्यंत पाच महिने गेले. बाईंनी ते जेलमध्ये दळण दळत काढले. नगरच्या न्यायाधीशांसमोर भालेरावांनी मोठं भाषण केलं नाही. फक्त खालच्या कोर्टाच्या कागदांतल्या दोन ओळी वाचल्या. पहिली, 'आरोपीने काहीही सांगितले नाही.' दुसरी, 'मौन हेही भाषणच.' आणि विचारलं, "दुसरी ओळ खरी असेल तर त्या एका मिनिटात माझ्या अशिलानं काय सांगितलं, ते खालच्या कोर्टानं का लिहून घेतलं नाही? आणि पहिली खरी असेल तर शिक्षा कशाची?" न्यायाधीशांनी दोन्ही ओळी स्वतः वाचल्या, चष्मा पुसला, परत वाचल्या आणि बाईंना सोडलं.

सुटल्या, पण शाळेत त्यांच्या जागी दुसरी बाई आली होती. बँकेत ठेवलेलं गेलं ते गेलंच. शिंप्यासाठी कोणी अपील केलं नाही. तो खरोखरच बोलला होता.

माझी डिपार्टमेंटल चौकशी झाली. आरोप असा: सरकारी नोटबुकात, ड्यूटीवर असताना, बँकेविषयी घबराट पसरवणारं वाक्य लिहिलं, व ते आपलंच असल्याचं शपथेवर कबूल केलं. नोकरी गेली. मी भालेरावांकडे गेलो, म्हटलं, "माझंही अपील करा." त्यांनी कागद चाळले आणि हात जोडले. "सबनीस, त्या बाई गप्प होत्या म्हणून सुटल्या. तुमचं तर लेखी आहे, वेळेसकट."

त्यानंतर तीस वर्षं मी नगरला शॉर्टहँडचा क्लास चालवला. त्यात पोट भरलं. ते वाक्य माझ्या हातून कसं उतरलं, हे मला आजही माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव मी आणणार नाही. सरकारला मात्र एक सल्ला फुकट द्यायला हरकत नाही. जिथं माणसं गप्प उभी असतील तिथं लाठीवाला पाठवा, घोडेस्वार पाठवा, पण लिहिणारा पाठवू नका. तो काहीतरी लिहून ठेवतोच.